चाचणीलाही आपली हवा हवी

स्वदेशी म्हणजे केवळ येथे जुळणी झालेली वस्तू नव्हे. या भूमीच्या हवेत जी टिकते, ती खरी स्वदेशी. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने चिपनिर्मितीसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर तरी या व्याख्येचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा.

कोरड्या दिवसांत नायलॉनचे कपडे उतरवताना ठिणगी उडते. माणसाला तिचा चटका क्षणभराचा. नाजूक चिपला मात्र ती कायमची निकामी करू शकते. म्हणून उपकरणांवर कृत्रिम ठिणगी सोडून त्यांची परीक्षा घेतात. आयईसी ६१०००-४-२ हे त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक. ठिणगी हवेतून सोडायची असेल, तर प्रयोगशाळेतील सापेक्ष आर्द्रता ३० ते ६० टक्के असावी, असा त्याचा दंडक आहे.

हा दंडक निरर्थक नाही. दमट हवेत पृष्ठभागावर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसतो व विद्युतभार निसटून जातो. कोरड्या हवेत तो साचतो, आणि ठिणगीचा प्रवाहही अधिक वेगाने चढतो. मर्यादा ठरवली नाही, तर दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळणार कसे?

परंतु निसर्ग ही मर्यादा पाळतो काय? वैशाखातील दुपारी विदर्भात आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. लडाखच्या हिवाळ्यात गोठलेली हवा निवाऱ्यात तापवली की अतिशय कोरडी होते. तेथे लोकरी व कृत्रिम धाग्यांच्या वस्त्रांत वावरणारा जवान त्याच हाताने संदेशयंत्र हाताळतो. शिवाय लेहचा वायुदाब सुमारे ६५ किलोपास्कल. मानकाची किमान मर्यादा ८६! विरळ हवेत ठिणगी अधिक सहज उडते. अशा वेळी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र त्या जवानाच्या काय कामाचे?

आंतरराष्ट्रीय मानक झुगारावे, असे मुळीच नाही. निर्यातीसाठी ते आवश्यकच आहे. मात्र त्याच्या जोडीला कोरड्या व विरळ हवेतील पूरक चाचणी आपण आखली पाहिजे. निदान संरक्षण, रेल्वे व रुग्णालयांच्या उपकरणांसाठी ती अनिवार्य असावी. भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी पुढाकार घ्यावा, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ठिकठिकाणची मोजमापे गोळा करावीत आणि ती आंतरराष्ट्रीय समितीपुढे ठामपणे मांडावीत.

परक्यांनी ठरवलेल्या परीक्षेत उत्तीर्ण होणे ही पात्रता आहे. आपल्या भूमीची परीक्षा आपण स्वतः रचणे, हे स्वावलंबन आहे.