विश्लेषण : जुन्या सर्व्हरचा ड्रायव्हर लिनक्सने किती काळ सांभाळावा?

चांदिवलीतील मोठ्या डेटा सेंटरमध्ये आणि मरोळ एमआयडीसीतील छोट्या कंपनीतही लिनक्सवर चालणारे सर्व्हर असतात. फरक वयाचा असतो. मोठी केंद्रे काही वर्षांत यंत्रे बदलतात, छोट्या कंपन्या जुनीच वापरत राहतात. त्यामुळे जुन्या सर्व्हरचा एखादा ड्रायव्हर लिनक्समधून काढायची चर्चा निघाली, की त्याची झळ छोट्यांना बसते.

हा ड्रायव्हर करतो काय?

सर्व्हरच्या मदरबोर्डवर ‘बीएमसी’ नावाची वेगळी चिप असते. डेलमध्ये ती ‘आयड्रॅक’, तर एचपीमध्ये ‘आयएलओ’ म्हणून ओळखली जाते. सर्व्हर बंद असला तरी विजेची जोडणी असेपर्यंत ती जागी असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला. तसा दिवस पुन्हा आला, तर बोरिवलीच्या घरात अडकलेला इंजिनीअर अंधेरीतला सर्व्हर या चिपमुळे, नेटवर्क चालू असेल तर, घरूनच पुन्हा सुरू करू शकतो. ऑपरेटिंग सिस्टीमला या चिपशी आतून बोलायचे असेल, म्हणजे तापमान, पंखे किंवा वीजपुरवठ्याची माहिती घ्यायची असेल, तर कर्नलमधला ड्रायव्हर लागतो.

मग तो काढायचा कशाला?

‘पडून राहिला तर बिघडते काय?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण कर्नलची नवी आवृत्ती साधारण दोन-अडीच महिन्यांनी येते. तिच्या आतली रचना बदलली, की प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तसा बदल करावा लागतो. तो तपासायला जुने यंत्रच कोणाकडे नसेल, तर बदल अंदाजाने होतो. शिवाय ड्रायव्हर कर्नलच्या पूर्ण अधिकारानिशी चालतो. त्यातली चूक अख्खा सर्व्हर बंद पाडू शकते किंवा हल्लेखोराला वाट देऊ शकते.

याआधी काय झाले?

२०१९ मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्याकडे चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तो ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदवला. पुढे दुसऱ्याने जबाबदारी घेतली आणि तो टिकला. इंटेलच्या इटानियम प्रोसेसरला असा वाली मिळाला नाही. त्याची विक्री २०२१ मध्ये थांबली आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ आवृत्तीतून तो वगळला गेला. मात्र आधीच्या ६.६ या आवृत्तीला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणार असल्याने वापरकर्त्यांना सावरायला वेळ मिळाला.

योग्य काय?

ड्रायव्हरचे वय हा निकष नको. यंत्र हाताशी असलेला आणि प्रत्येक आवृत्ती तपासणारा एक जरी माणूस असेल, तर ड्रायव्हर ठेवावा. कोणीच नसेल, तर आगाऊ सूचना देऊन आणि दीर्घकाळ चालणारी आवृत्ती हाती ठेवून तो काढावा. न तपासलेला ड्रायव्हर नुसता यादीत ठेवणे ही वापरकर्त्याची फसवणूक आहे.

पण हा निकष लागू करायचा, तर वापरकर्त्यांनी आपण आहोत हे कळवायला हवे. घाटकोपर-मुलुंडच्या ज्या कार्यालयांत जुने सर्व्हर आहेत, त्यांनी कोणते मॉडेल आणि कोणती कर्नल आवृत्ती चालते, याची नोंद आजच करावी. ड्रायव्हर काढायचा प्रस्ताव येतो तेव्हा ‘आमच्याकडे हे यंत्र चालू आहे, आम्ही तपासून देतो’ असे सांगणारा एक ईमेलही निर्णय बदलू शकतो. ड्रायव्हर गेल्यावर केलेल्या तक्रारीचा तेवढा उपयोग नसतो.