न उडणारें विमान

एका वाचकांनीं पृच्छा केली आहे : ‘आमचे चिरंजीव वर्षभर माळ्यावरील खोलींत लाकूड, तारा व खटके जमवून बोइंग ७३७ विमानाचें कॉकपिट, म्हणजे वैमानिकांची कोठडी, उभारीत आहेत. समोर संगणकाचे पडदे राहतील. विमान कांहीं उडणार नाहीं. ह्याला विद्या म्हणावें कीं पोरखेळ?’ प्रश्नांत पित्याची चिंता आहे, म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देतों.

ह्या वस्तूला पोरखेळ ठरविण्याचा प्रकार पूर्वीं एकदां होऊन गेला आहे. अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक ह्यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. वाद्यांतील हवेचे भाते घेऊन लिंक ह्यांनीं १९२९ च्या सुमारास कारखान्याच्या तळघरांत एक ठेंगणें विमान घडविलें. दांडा हालवावा तसें तें झुके, कलंडे, भोंवतीं फिरे. जमीन मात्र सोडीत नसे. तें होतें शिकाऊ वैमानिकांसाठीं. पण प्रथम खपलें तें करमणुकीच्या बागांत!

१९३४ च्या फेब्रुवारींत अमेरिकन सरकारनें टपाल वाहण्याचें काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे दिलें. ऐन हिवाळा, दाट धुकें. थोड्याच आठवड्यांत कित्येक तरुण प्राणांस मुकले. आपला तोल सांभाळणारें इंद्रिय कानांत असतें. वळणाच्या आरंभीं त्याच्या नलिकांतील द्रव मागें राहतो व वळण जाणवतें. वळण लांबलें कीं द्रवही बरोबरीनें फिरूं लागतो. मग क्षितिज दिसत नसेल तर वळणारें विमान सरळ चालल्याचा भास होतो. अशा वेळीं देहाचें न ऐकतां तबकड्यांचें ऐकावयाचें असतें, आणि हें बुद्धीला पटलें तरी देहाला पटत नाहीं. त्याच वर्षीं लष्करानें लिंक ह्यांचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि वैमानिक त्यांत बसून शिकले.

चिरंजीवांची कोठडी हालत नाहीं. तेव्हां कानाच्या फसवणुकीचा धडा तेथें मिळावयाचा नाहीं. अशा घरगुती कोठडींत घालविलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठींही धरीत नाहींत. परंतु हाताला वळण लागतें, आणि तें मी थोडें समजत नाहीं. ७३७ चें मोठें इंजिन बहुधा शेपटींतील लहान इंजिनाच्या दाबलेल्या हवेनें फिरवून सुरू करतात (येथेंही हवाच!). म्हणून आधीं वातानुकूलनाचे खटके बंद करावे लागतात. नाहीं तर ती हवा तिकडे वांटली जाते. हा क्रम नुसता वाचून राहत नाहीं. शिवाय डोक्यावरील फलकाचे शेंकडों खटके व दिवे एकेक तार जोडून संगणकास ओळखावयास लावणें, ह्यांत पदार्थविज्ञानाची उजळणी किती होते, तें चिरंजीवांसच विचारावें.

खर्चाविषयीं : मोडींत निघालेल्या विमानांचे खरे भाग विकत मिळतात, पण त्यांचा मोह तूर्त नसावा. सांगाडा गोंदानें न चिकटवितां नटबोल्टांनीं जोडावा आणि खोलीचें दार आधीं मोजावें. घर बदलतांना तो आख्खा बाहेर निघणार नाहीं.

आणखी एक. ७३७ मध्यें आसनें दोन असतात. तपासणीची यादी एकानें वाचावयाची, दुसऱ्यानें खटका पाहून उत्तर द्यावयाचें, अशी रीत आहे. उजवें आसन बहुधा रिकामेंच असेल. आपणांस संध्याकाळीं सवड असते काय?