पडद्यावरील कट आणि कपाटातील कागद

ऑलिव्हर स्टोन यांचा ‘जेएफके’ हा चित्रपट डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्यावरील वाद चित्रपटविषयक स्तंभांतून उठून थेट अग्रलेखांच्या पानांवर जाऊन बसला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तर चित्रीकरण चालू असतानाच, मे १९९१ मध्ये, पटकथेचा एक कच्चा मसुदा हाती घेऊन त्यातील चुकांचा पाढा वाचला होता. उलटपक्षी रॉजर एबर्ट यांच्यासारख्या मान्यवर समीक्षकाने त्या वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड केली. प्रेक्षकांतही असेच दोन तट पडले व ते आजतागायत कायम आहेत. एकाच्या मते स्टोन यांनी सत्तेने दडपलेले सत्य उजेडात आणले. दुसऱ्याच्या मते त्यांनी तीन तासांची एक भव्य थाप मारली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनाचा हा चित्रपट रहस्यपट म्हणून विलक्षण पकड घेणारा आहे, एवढ्याबद्दल मात्र दोघांचे एकमत असते.

चित्रपटाने भोळ्या प्रेक्षकांच्या मनात संशय पेरला, हा आक्षेप प्रथम तपासला पाहिजे. कारण तो आकड्यांपुढे टिकत नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे खून झाला. त्यानंतर लगेच गॅलप संस्थेने घेतलेल्या चाचणीत ५२ टक्के लोकांनी या खुनामागे एकाहून अधिक माणसे असल्याचे मत दिले होते. १९७६ मध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले. चित्रपट झळकल्यानंतर, १९९२ च्या आरंभी, ते ७७ टक्के होते. म्हणजे पीक आधीच उभे होते. स्टोन यांनी त्याची कापणी केली.

ते पीक कोणी उभे केले? सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने सप्टेंबर १९६४ मध्ये ८८८ पानांचा अहवाल सादर करून ली हार्वे ओस्वाल्ड या एकट्या माणसाने हे कृत्य केले, असा निर्णय दिला. त्या ओस्वाल्डला पोलिसांच्या गराड्यात, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, जॅक रूबी याने खुनानंतर दोनच दिवसांनी गोळी घातली होती. त्यामुळे खटला असा उभा राहिलाच नाही. तरीही बराच काळ अनेकांनी अहवाल मान्य केला. त्याला खरा तडा गेला तो १९७५ मध्ये. त्या वर्षी सिनेटच्या चर्च समितीपुढे उघड झाले की सीआयए या गुप्तचर संघटनेने फिडेल कॅस्ट्रो यांच्या खुनाचे बेत रचले होते, त्यासाठी माफिया टोळ्यांची मदत घेतली होती आणि वॉरेन आयोगाला यातील काहीही सांगितले नव्हते. ज्या आयोगाचे एक सभासद ॲलन डलेस हे सीआयएचे माजी प्रमुख होते, त्याच आयोगाला सीआयएने अंधारात ठेवावे, हे कळल्यावर सामान्य माणसाने अहवालावर विश्वास ठेवावा तरी कसा? पुढे काँग्रेसच्या एका समितीने १९७९ मध्ये ‘बहुधा कट असावा’ असे म्हटले. परंतु त्या निष्कर्षाचा मुख्य आधार असलेले पोलिसांच्या रेडिओचे ध्वनिमुद्रण १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका समितीने निकालात काढले. वर या समितीचे असंख्य कागद २०२९ सालापर्यंत कुलपात टाकण्यात आले. संशयाला याहून सकस खतपाणी कोणते हवे?

स्टोन यांच्या बाजूने इतके बोलून झाल्यावर त्यांचा अपराधही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. चित्रपटातील ‘जादूच्या गोळी’चा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे ते तो विसरणार नाहीत. एकच गोळी केनेडी यांच्या शरीरातून जाऊन पुढे बसलेले गव्हर्नर कॉनली यांनाही लागली, असे आयोगाचे म्हणणे. न्यायालयात सरकारी वकील जिम गॅरिसन झालेले केव्हिन कॉस्टनर दोन माणसांना एकामागोमाग एक बसवतात आणि ती गोळी हवेतच उजवीकडे-डावीकडे कशी वळली असली पाहिजे ते छडीने दाखवतात. न्यायालयात हशा पिकतो, चित्रपटगृहातही पिकतो. प्रत्यक्षात त्या मोटारीत कॉनली हे केनेडी यांच्या बरोबर समोर नव्हते. ते मधल्या एका छोट्या, घडीच्या आसनावर, अधिक खाली आणि काहीसे आतल्या बाजूला बसले होते. आसने जागच्या जागी मांडली की गोळीचे वळण नाहीसे होते. भूमितीच्या तासाला हा दोष आठवीतला विद्यार्थीही दाखवील. पण अंधारात, संगीताच्या साथीने, कोणी भूमिती करीत बसत नाही.

कट केनेडींच्या विरोधात सेना आणि हेरखात्याने कसा रचला, हे गॅरिसनना बागेतील बाकावर समजावून सांगणारा ‘एक्स’ त्यांना त्या खटल्यापूर्वी कधी भेटलाच नव्हता. डेव्हिड फेरी याचा हॉटेलातील भेदरलेला कबुलीजबाब हीही पटकथाकारांची निर्मिती आहे. नाटककाराला एवढे स्वातंत्र्य असतेच, असे यावर कोणी म्हणेल. मला ते मान्य आहे. शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डवर इतिहासकारांनी कितीही आक्षेप घेतले तरी नाटक थांबत नाही. परंतु स्टोन यांनी १९६३ मधील खरी वृत्तचित्रे आणि स्वतः रचलेली कृष्णधवल दृश्ये अशी बेमालूम सांधली आहेत की कोणते दृश्य घडलेले आणि कोणते घडवलेले, हे प्रेक्षकाला कळू नये. नाटक पाहणाऱ्याला आपण नाटक पाहत आहोत याची जाण असते. येथे ती जाणच काढून घेतली जाते. संकलन आणि छायाचित्रण यांसाठी या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. नेमकी हीच त्या बनावटीची साधने होत.

या बनावटीची किंमत क्ले शॉ या माणसाला मोजावी लागली. न्यू ऑर्लिन्सचे हे प्रतिष्ठित व्यापारी. गॅरिसन यांनी त्यांना १ मार्च १९६७ रोजी अटक करविली. केनेडी यांच्या खुनाच्या कटाबद्दल खटला चाललेला हा जगातील एकमेव आरोपी. बरोबर दोन वर्षांनी, १ मार्च १९६९ रोजी, पंचांनी एका तासाच्या आत त्यांना निर्दोष ठरवले. गॅरिसन यांनी हार न मानता खोटी साक्ष दिल्याचा नवा खटला भरला. तो १९७१ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशाने रोखला. शॉ यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, पण तो चालू असतानाच १९७४ मध्ये ते वारले. त्यांच्यामागे पत्नी, मुले, भावंडे कोणी नव्हते. आणि लुइझियानाच्या कायद्यानुसार असा दावा फक्त त्या जवळच्या नातेवाइकांनाच पुढे चालवता येतो. म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा त्यांच्याबरोबरच संपला, असे ठरवले. विदेशात जाऊन आलेल्या अनेक व्यापाऱ्यांप्रमाणे शॉ हे सीआयएला माहिती देत असत, एवढे खरे. चित्रपट तेवढ्या धाग्यावर त्यांना पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि या वेळी उलटतपासणी घ्यायला कोणी नसते. चित्रपटाच्या चाहत्यांशी बोलताना शॉ यांचे नाव काढले की बहुधा त्यांना आठवतो तो टॉमी ली जोन्स यांचा अभिनय.

आणि तरीही या सदोष चित्रपटाने एक काम केले, जे निर्दोष अहवालांना जमले नव्हते. कागद कुलपात असल्याचे वाक्य चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर येते. ते वाचून बाहेर पडलेल्या लोकांनी काँग्रेसच्या सभासदांकडे विचारणा सुरू केली. १९९२ मध्ये सुनावण्या झाल्या, स्टोन यांचीही साक्ष झाली आणि २६ ऑक्टोबर १९९२ रोजी या खुनाच्या कागदपत्रांविषयीचा कायदा संमत झाला. त्यावर स्वाक्षरी केली ती एकेकाळी सीआयएचे प्रमुख असलेल्या राष्ट्राध्यक्ष बुश यांनी. कागद खुला आहे असेच गृहीत धरावयाचे, तो दडवू पाहणाऱ्या खात्याने कारण सिद्ध करावयाचे, आणि निवाडा खात्याबाहेरच्या पाच नागरिकांच्या मंडळाने करावयाचा, असे या कायद्याचे सूत्र होते. आपल्या १९९८ च्या अहवालात या मंडळाने चित्रपटाचे ऋण मान्य केले आहे.

आज या संग्रहात सुमारे पन्नास लाख पाने आहेत. सर्व कागद २०१७ पर्यंत खुले व्हावयाचे होते. ट्रम्प आणि बायडेन या दोघांनीही मुदती वाढवल्या. मार्च २०२५ मध्ये उरलेले कागद घाईने बाहेर काढले गेले, तेव्हा हयात माणसांची खाजगी माहितीही त्यात उघडी पडली. स्टोन यांचा कट सिद्ध करणारा कागद आजवर निघालेला नाही. निघाले ते वेगळेच. क्यूबावर स्वारी करण्यास निमित्त मिळावे म्हणून बनावट हल्ले घडवून आणण्याची सेनाप्रमुखांची १९६२ मधील योजना याच मंडळामुळे उजेडात आली. केनेडी यांच्या सरकारने ती अमलात आणू दिली नव्हती. परराष्ट्र खात्याच्या आवरणाखाली सुमारे १,५०० हेर काम करीत असल्याचे केनेडी यांना सांगणारे १९६१ चे टिपण २०२५ मध्ये संपूर्ण वाचता आले. संशय मात्र या सर्वाने मिटला नाही. २०२३ मध्येही ६५ टक्के अमेरिकन लोकांचा कटावर विश्वास होता.

याच चित्रपटाविषयी स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी केलेली एक पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रपटगृहात शिरणारे आणि चित्रपट पाहून बाहेर पडणारे, अशा दोन्ही प्रेक्षकांना त्यांनी प्रश्न विचारले होते. बाहेर पडणाऱ्यांत संताप अधिक, कटावरील विश्वास अधिक. पण मतदान करण्याची इच्छा मात्र कमी आढळली. एकाच चित्रपटातून काही प्रेक्षक हताश होऊन निघाले आणि काही कागद मागायला निघाले. कायदा झाला तो या दुसऱ्यांमुळे.

आपल्याकडे ‘द ताश्कंद फाइल्स’ हा लालबहादूर शास्त्री यांच्या मृत्यूवरील चित्रपट एप्रिल २०१९ मध्ये आला. त्यातील भूमिकेसाठी मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या पल्लवी जोशी यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तोही संशयावर उभा आहे, आणि त्यावरही दोन तट पडले. शास्त्रीजींच्या मृत्यूविषयीचा एक कागद आपल्याकडे असल्याचे पंतप्रधान कार्यालयाने २००९ मध्ये मान्य केले होते आणि परराष्ट्र संबंधांचे कारण देऊन तो देण्यास नकार दिला होता. नेताजींविषयीच्या शंभर फाइली जानेवारी २०१६ मध्ये खुल्या झाल्या, त्याही सरकारच्या मर्जीने. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(३) वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती खुली करते. परंतु देशाची सुरक्षा आणि परराष्ट्र संबंध यांचा अपवाद ठेवून. हा अपवाद लागू होतो की नाही, हे प्रथम ठरवतो तो ज्याच्या कपाटात कागद आहे त्याच कार्यालयाचा अधिकारी. अपील माहिती आयोगाकडे जाते खरे. पण अमेरिकेतील मंडळाप्रमाणे एखाद्या प्रकरणाचे सारे कागद स्वतः शोधून बाहेर काढण्याचे काम त्याच्याकडे सोपवलेले नाही. ते सोपवावे, अशी मागणी ‘द ताश्कंद फाइल्स’च्या वादात फारशी ऐकू आली नाही. वाद रंगला तो दिग्दर्शक कोणाच्या बाजूचा, यावरच.