मुक्याने केलेली कामे

आमच्या कचेरीत पूर्वी पंखा दुरुस्त करायला माणूस आला, तरी आधी "साहेब, जरा उठता का?" असे विचारायचा. आपण कागदांवर पेपरवेट ठेवून चहाला जायचो. आता संगणकात नवे सॉफ्टवेअर बसवतात ते मात्र मांजरीने दूध प्यावे तसे!

परवा मार्चअखेरचा तक्ता भरत होतो. 'सेव्ह' करायचे राहिले, हा गुन्हा कबूल. एकाएकी पडदा काळा. यंत्र शुद्धीवर आले तेव्हा तक्ता कैलासवासी झाला होता.

संगणक विभागातला मुलगा मला काका म्हणतो. तो कौतुकाने म्हणाला, "काका, सायलेंट इन्स्टॉल! आज्ञेत 'क्यूएन' घातलं की एक खिडकी उघडत नाही, एक प्रश्न नाही. चारशे मशीन, जागेवर बसून!" यंत्रे म्हणे नंतर आकडा कळवतात. शून्य म्हणजे फत्ते. 3010 म्हणजे फत्ते, पण यंत्र पुन्हा सुरू करा. माझ्या तक्त्याला आकडा नव्हता.

अहो, मी काही जुन्याचा भक्त नाही. चारशे टेबलांवर सीडी घेऊन फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि आम्हाला विचारून तरी काय उपयोग? न वाचता 'नेक्स्ट' दाबण्यात माझा हात कोणी धरणार नाही. 2017च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभर संगणक ओलीस धरले, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ती बसवायची राहिली ते बुडाले. तेव्हा घाई हवीच.

पण प्रश्न न विचारणे वेगळे आणि सांगूनच न करणे वेगळे. त्याच आज्ञेत 'नोरीस्टार्ट' घातले की यंत्र मध्येच बंद पडत नाही. आधी दहा यंत्रांवर करून पाहायला काय मोडते? 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकची एक सदोष सुधारणा अशीच न बोलता गेली आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. सुधारणा दीडेक तासात मागे घेतली. पण पडलेली यंत्रे उठवायला बहुतेक ठिकाणी माणसालाच एकेका टेबलापाशी जावे लागले. म्हणजे शेवटी आलाच की नाही पंखेवाला?

मुलगा म्हणाला, "आधी कळवलं तर सगळे 'नंतर' म्हणतात, काका."

"म्हणू देत. एक ते दोन जेवायची सुट्टी असते. तेव्हा कर."

त्याने ते चिठ्ठीवर लिहून घेतले. कागदाच्या!