मैदान हेही चवदार तळेच!

पोलीस भरतीची चाहूल लागली की पाटोद्याच्या आसपासच्या रस्त्यांवर पहाटे पोरे पळताना दिसतात. अंगात बनियन, पायात साधे बूट, बाजूने उसाच्या गाड्या आणि डंपर. भरतीत शारीरिक चाचणीला ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यात निम्मे गुण मिळाल्याखेरीज लेखी परीक्षेचे दार उघडत नाही. आपल्या समाजातील शेकडो घरांची आशा या धावण्यावर टांगलेली असते. पण पोरे अंधारात, जीव धोक्यात घालून डांबरी रस्त्यावर का पळतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. उत्तर साधे आहे. त्यांच्या वस्तीजवळ मैदान नाही.

हा विषय काढला की शहाणी माणसे हसतात. म्हणतात, खेड्यातल्या पोरांना कसला व्यायाम शिकवता? ती आधीच काटक असतात. दाखला दिला जातो शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचा. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला वाहन नाही, म्हणून हा मुलगा पायी-पळत शाळेत गेला. पुढे तो ऑलिम्पिकमध्ये धावला, २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्या जिद्दीला सलामच! पण गावाला एसटी नव्हती, हा शासनाचा क्रीडाविकास कार्यक्रम होता काय? एक साबळे जगापुढे आला. त्याच रस्त्यावरून किती पोरांची शाळा सुटली, किती पोरी सातवीनंतर घरी बसल्या, हे कोण मोजणार?

दुसरे म्हणजे, कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. पाटोदा हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दिवाळीच्या सुमारास टोळ्या फडावर जातात. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पहाटे उठून भाकरी थापते, लहान भावंड सांभाळते, मोळ्या उचलते. तिचे शरीर हलते म्हणून ती निरोगी झाली, असे म्हणणे हा क्रूर विनोद आहे. खेळ शरीर घडवतो. अर्ध्या पोटी केलेले कष्ट शरीर झिजवतात. आणि जी मुले आजी-आजोबांजवळ गावी राहतात, त्यांच्या वाट्याला पाच रुपयांची पुडी आणि हातातला मोबाईल येतो.

आकडे काय सांगतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलांना ती मिळत नाही. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के. भारतात सुमारे ७४ टक्के. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश, ५ टक्के जादा वजनाची आणि २८ टक्के रक्तक्षयाची आढळली. दहात एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे वजनाचा प्रश्न दोन्ही टोकांनी आहे. एका घरात थोरला हाडाचा सापळा आणि धाकटा पुड्या खाऊन फुगलेला, असे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही.

याला वैयक्तिक आळस म्हणून मोकळे होता येत नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतील गरीब वस्त्यांमधील कुटुंबांना सोडत काढून चांगल्या वस्तीत जाण्यासाठी मदत दिली गेली. त्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. दहा ते पंधरा वर्षांनी तपासले तेव्हा ज्यांना ही संधी मिळाली त्या स्त्रियांमध्ये अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी आढळला. उपदेश बदलला नव्हता, औषध दिले नव्हते. वस्ती बदलली होती!

आपल्या देशात वस्ती कोणी ठरवली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाचा हा नकाशा उलगडून दाखवला. अस्पृश्यांनी गावाबाहेर राहायचे, चांगले कपडे घालायचे नाहीत, घोड्यावर बसून गावातून जायचे नाही, हे गावाचे अलिखित कायदे त्यांनी नोंदवून ठेवले. म्हणूनच १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ती पुन्हा मांडली गेली. आज गावकूस पडले, पण नकाशा तोच आहे. शाळा, बाजार, व्यायामशाळा, दिवाबत्ती एकीकडे आणि आपली वस्ती ओढ्याच्या, उकिरड्याच्या कडेला. घराला घर चिकटलेले. पोराने चेंडू मारला तर तो कोणाच्या तरी दारात जातो आणि भांडण उभे राहते.

आणि अंतर फक्त किलोमीटरचे नसते. पाटोद्याला लागूनच असलेल्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय हे कारण पुढे आले. खटल्यात साक्षीदार उलटले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. अशा मुलखात आई मुलाला म्हणते, "तिकडं खेळायला जाऊ नको." मुलीला तर अंगणही परके होते. ही भीती कोणत्याही वजनकाट्यावर दिसत नाही, पण ती मुलांच्या शरीरात उतरते.

आता कायदा पाहू. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जो हक्क बजावला गेला, तो संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये आला. विहिरी, तलाव, रस्ते आणि शासनाच्या पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात जातीवरून भेद करता येणार नाही. जिल्हा परिषद शाळेचे मैदान, तालुका क्रीडा संकुल, नगरपंचायतीची बाग या अशाच जागा आहेत. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. सामाईक जागेचा वापर करण्यास, सार्वजनिक ठिकाणी जाण्यास, इतकेच काय, सायकलवर बसण्यास अडवणे हाही त्यात गुन्हा ठरला. संसदेला 'सायकल' हा शब्द कायद्यात घालावा लागला, यातच या देशातील पोरांच्या खेळण्याची खरी हकीकत आहे. घोड्याची बंदी सायकलपर्यंत आली होती! शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे, असे स्पष्ट लिहिले आहे.

कायदा आहे, पण मागणी कोठे आहे? येथे आपल्यालाही स्वतःकडे पाहावे लागेल. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीविकासाचा निधी येतो आणि सिमेंटचा रस्ता, नाली, समाजमंदिर यांत संपतो. ठेकेदाराला सिमेंट परवडते, मोकळी जागा परवडत नाही. आपले कार्यकर्तेही कमान मागतात, मैदान मागत नाहीत. जयंतीला डीजेवर जो पैसा जातो, त्याच्या चौथाईत वस्तीतील पोरींना कबड्डीचे मैदान आखून देता येईल. समाजमंदिराला कुलूप लावण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ ते मुलींच्या कवायतीला उघडे ठेवता येईल.

एक सावधगिरी मात्र हवी. मैदानाच्या नावाखाली गायरानधारकांना उठवण्याचा डाव होऊ शकतो. २०२२ साली उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर राज्यभर गायरानधारकांना नोटिसा गेल्या, हे आपण पाहिले आहे. मराठवाड्यात गायरानाचा लढा एकनाथराव आवाडांसारख्यांनी आयुष्य वेचून उभा केला. भूमिहीनाची भाकर काढून त्याच्याच पोराला मैदान नको. गावात शाळेचे पटांगण आहे, शासकीय जागा आहेत. त्या आधी उघडा.

म्हणून काम ठरवून घेऊ या. ग्रामसभेत वस्तीच्या पंचवार्षिक आराखड्यात खेळाची जागा आणि दिवे लेखी मागा. नगरपंचायतीचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की मैदानाचे आरक्षण आपल्या वस्तीपासून किती दूर आहे ते पाहा आणि मुदतीत हरकत नोंदवा. शाळा सुटल्यावर पटांगण खुले ठेवण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. कोणी जातीवरून अडवले तर तोंडी तक्रार करून थांबू नका, फिर्याद द्या. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मागताना तेथे खेळाचा तास आणि पोटभर जेवण दोन्ही मागा.

बाबासाहेबांनी आपल्याला ताठ मानेने जगायला शिकवले. ताठ मानेला ताठ कणा लागतो आणि कणा मोकळ्या हवेत घडतो. पहाटेच्या अंधारात डंपर चुकवीत पळणारे आपले पोर वर्दीच्या मागे धावत आहे. त्याला निदान पळायला सुरक्षित जमीन मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे.

जयभीम!