कानांनी पाहावयाचे पक्षी

शिशिर सरत आला, आंब्याच्या मोहोरात बाळकैऱ्या दिसू लागल्या आणि गोमंतकातील कुळागरे पहाटेपासून बोलू लागली. हे बोलणे सर्वांच्या कानी पडते. परंतु त्यातील कोण काय बोलतो, हे कितीजणांना सांगता येईल? कोकिळेच्या पलीकडे बहुतेकांची मजल जात नाही, आणि तिच्याविषयीही आपली समजूत चुकीचीच आहे. ‘कुहू’ची तान घेतो तो काळा नर, ठिपकेदार मादी नुसती ‘किक्-किक्’ करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते!

आपल्या दाट झाडीच्या प्रदेशात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. त्याची ओळख कानांनीच करून घ्यावी लागते आणि त्यास हाच काळ उत्तम. दिवस मोठा होऊ लागला की नराला कंठ फुटतो. आपली हद्द जाहीर करणे आणि मादीला साद घालणे, हे त्या गाण्याचे हेतू. हिवाळ्यात क्वचितच गाणारा दयाळ आता उजाडण्यापूर्वीच शेंड्यावर बसून सुरेल शीळ घालतो. भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी ‘टुक्-टुक्’ नाद तांबटाचा, ‘कुटरू-कुटरू’ हा घोष कुर्टुकाचा, आणि झुडपातून घुमणारा खोल ‘हूप्-हूप्’ भारद्वाजाचा. उन्हे तापल्यावर पावशा येतो. त्याच्या हाकेत आमच्या शेतकऱ्याने ‘पेरते व्हा’ हे शब्द ऐकले. पक्ष्याच्या आवाजावर शेतीचे वेळापत्रक बांधणारा हा समाज आज त्याच आवाजाला परका झाला आहे.

ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. तांबट आणि कुर्टुक वाळक्या लाकडात ढोली कोरतात आणि मुख्यतः वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतात. रस्ता रुंद करताना जुना वड आडवा होतो, तेव्हा त्या वाड्यावरचा एक आवाज बंद पडतो. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. कारण तो आवाज कोणाचा होता, हेच कोणाला ठाऊक नसते.

१९८८ साली चोडणच्या खारफुटीत अभयारण्य स्थापून सरकारने त्यास डॉ. सलीम अलींचे नाव दिले, हे योग्यच झाले. तो आदर आता गावच्या वडापर्यंत पोचला पाहिजे. शिगम्यापूर्वीच्या एखाद्या पहाटे प्रत्येक शाळेने मुलांना गावातील जाणत्या माणसाबरोबर देवराईत न्यावे, एवढीच आमची सूचना आहे. त्यास ना अनुदान लागते, ना समिती. पाच पक्षी आवाजावरून ओळखणारे मूल उद्या वडावर कुऱ्हाड पडताना गप्प बसणार नाही, असा आमचा विश्वास आहे.