खुनी एवढा हुशार कशाला?

डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये मोबाइलवर मी सीरियल किलरच्या मालिका ढिगानं पाहिल्यात. दारू पिणारा, बायको सोडून गेलेला तपास अधिकारी. भिंतीवर फोटो, फोटोंना लाल दोरे. आणि पोलिसांना कोडी घालणारा महाबुद्धिमान खुनी. आता वैताग येतो. आपल्याकडच्या खुन्याला एवढी अक्कल कधी लागलीच नाही.

रमण राघव घ्या. 1965-66 मध्ये आपण रोज ज्या मध्य रेल्वेनं लोंबकळत जातो, तिच्याच कडेला मुंबईच्या पूर्व उपनगरांत 19 जणांवर हल्ले झाले. 9 गेले. तेव्हा रमण पोलिसांना सापडला होता! तुरुंगवास भोगलेला, दप्तरी नोंद असलेला. ठोस पुरावा नाही म्हणून सुटला. 1968 मध्ये पुन्हा तेच. झोपड्यांत, फुटपाथवर झोपलेली माणसं. तपास रमाकांत कुलकर्णींकडे होता. ऑगस्टमध्ये अ‍ॅलेक्स फियाल्हो या फौजदारानं त्याला ओळखलं, ते फोटोवरून आणि त्याला पाहिलेल्या लोकांनी सांगितलेल्या वर्णनावरून. कोडंबिडं काही नाही. गरिबांनी काय पाहिलं, ते एका फौजदारानं लक्षात ठेवलं होतं.

स्टोनमॅन तर सापडलाच नाही. 1985 ते 87, सायन-किंग्ज सर्कल, बारा खून. एकटा झोपलेला माणूस गाठायचा आणि डोक्यात दगड घालायचा. सहावा खून होईपर्यंत हे एकाचंच काम असावं हे ध्यानात आलं नाही. मेलेल्यांपैकी बहुतेकांची ओळखही पटली नाही. त्यांच्यासाठी पोलीस ठाण्यात खेटे घालणारं कोण होतं?

‘करमणूक आहे रे, एवढं काय मनाला लावून घेतोस,’ असं मित्र म्हणतात. पण करमणुकीचा कॅमेरा कुणाकडे वळतो ते बघा. ‘रमण राघव 2.0’ (2016) मध्ये खुनी रमण्णा, पोलीस राघवन; एकाच नावाचे दोन तुकडे. नवाजुद्दीन जबरदस्त आहे, वादच नाही. पण त्या नावात मेलेल्यांना जागाच उरत नाही.

मराठीत कुणी अशी मालिका लिहिणार असेल, तर पहिल्या भागात मला खुनी नको. वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांतले सहा पंचनामे एका टेबलावर आणणारा हवालदार दाखवा. आणि तिसऱ्या पंचनाम्यातल्या बेवारस माणसाचं नाव काय, हे विचारत तो ठाणे स्टेशनबाहेर रात्री कुणाकुणाला उठवतो, ते दाखवा.